एच नसलेली स्मृती

“आप डॉक्टर हैं?”

खाकी गणवेशातल्या त्या बाईंनी हे इतक्या सरळ चेहऱ्यानं विचारलं की स्मृतीला वाटलं, मागच्या कुणाला तरी विचारलंय. तिनं वळून पाहिलं. मागे एक काका एका हातात काढलेला पट्टा धरून दुसऱ्या हातानं घसरणारी पँट सावरत उभे होते. ते काही डॉक्टर वाटत नव्हते. म्हणजे प्रश्न तिलाच होता. निळा ट्रॅकसूट, पाठीवर मोठ्या अक्षरांत राज्याचं नाव आणि खाली खो-खो, घोट्याला चिकटपट्टी, दोन घट्ट वेण्या, दहावीत शिकणारी, पहिल्यांदाच विमानात बसणारी, आणि आत्तापर्यंत हुबळीच्या या विमानतळावर मावत नव्हती इतकी खूश असलेली, अशा तिला. “मी? नही नही, मैं तो खो-खो,” ती म्हणाली, आणि हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बोर्डिंग पास तिच्यासमोर धरला आणि नखानं एका जागी टिचकी मारली. नाव तिचंच होतं, स्मृती पाटील. फक्त नावाच्या शेपटीला डॉक्टरची दोन अक्षरं होती, आणि नावाच्या पोटात, टीच्या मागे, दाराआड लपल्यासारखा एक एच उभा होता.

तो एच तिनं लगेच ओळखला. अरे, तू? इथं पण? एखादा शेजारी लग्नातही भेटतो, बाजारातही भेटतो आणि दवाखान्यातही आपल्याच बाकावर येऊन बसतो, तसा हा एच जन्मापासून तिच्या मागं होता. खरं म्हणजे जन्मापासून नाही, बालवाडीपासून. अप्पा तिला घेऊन धारवाडच्या शाळेत नाव घालायला गेले आणि तिथल्या श्यामला टीचरनी इंग्रजीत लिहिताना आपोआप टीला एच लावला, जसा इथं सगळेच लावतात. गीता असो की ज्योती असो, टीला एच लागतोच, नाहीतर त्या टीचा त होत नाही, ट होतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. अप्पांना ते पटेना. “टीचर, एच कशाला? एच लावला की थ होतो. माझी लेक स्मृती आहे, स्मृथी नव्हे.” टीचर म्हणाल्या, “अहो सर, एच नसला तर इथं सगळे तिला स्मृटी म्हणतील की.” अप्पा म्हणाले, “म्हणू देत.” वीजखात्यात नोकरी करणारा, तारांवर चढणारा, घरी एक शब्द न बोलणारा हा माणूस त्या दिवशी एका अक्षरासाठी अर्धा तास भांडला. शेवटी एच गेला. आणि लोक स्मृटी म्हणाले. अगदी सगळे म्हणाले. बसमधला कंडक्टर, लसीकरणाच्या नर्स, नाव वाचून बोलावणारं जगातलं कुणीही.

“बाजू में आइए,” बाई म्हणाल्या. आवाज कडक होता, पण वाईट नव्हता. तिची पाठपिशवी तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावर चढायची राहिली, ट्रे रिकामाच पुढे सरकला, आणि पँट सावरणारे काका तिला ओलांडून आत गेले. एकेक माणूस आत जात राहिलं. हात पसरायचे, यंत्र अंगावरून फिरायचं, की मग आतल्या खुर्च्यांकडे निघायचं, इतकं सोपं होतं ते. ती कडेला उभी. विमानतळ लहान, आतल्या रांगा इथून दिसत होत्या, चहाचा ठेला दिसत होता, काचेपलीकडे उन्हात पांढरं विमानही दिसत होतं. दिल्लीला उद्या सकाळी सामना होता, उपांत्य फेरीचा. सगळी टीम गेल्या आठवड्यातच रेल्वेनं गेलेली. हिला ताप चढला म्हणून ही मागे राहिली, आणि ताप उतरल्यावर खो-खो शिकवणाऱ्या सुनिता मॅडमचा फोन आला होता, “कसंही कर, पण ये. धावायला तू पाहिजेस.” तू पाहिजेस! हे वाक्य तिनं धारवाडजवळच्या रायापूरच्या घरी सगळ्या खोल्यांतून फिरत स्वतःलाच म्हणून दाखवलं होतं. अप्पांनी तिकीट काढलं. आईनं धपाटे बांधले. आणि आता, बाजू में आइए.

बाजूला उभं राहण्याची तिला सवय होती, हीच तर गोम. आठवीतलं ते वार्षिक संमेलन. घरी मराठी बोलणाऱ्या पोरीला कन्नड निबंधाचं पहिलं बक्षीस. तिलाच खरं वाटत नव्हतं, मग इतरांना काय वाटणार. वर्गात दोन स्मृती, ही पाटील आणि ती पूजार. आणि इथल्या शाळांत आडनाव म्हणजे एक नुसतं अक्षर, त्यामुळं हजेरीपटावर दोघीही स्मृती पी. ती एचवाली, ही बिन-एचची. पोरी चिडवायच्या, “हिच्यात ह-च नाही, ही हसणार कशी?” संमेलनाच्या दिवशी माईकवरून नाव आलं, “स्मृती पी.!” आणि ती दुसरी उठली. ती खोटी नव्हती बिचारी, तिला खरंच वाटलं की आपलंच नाव आहे. ती हुशार, ती नेहमीच उठायची, मग आजही उठली. ती पायऱ्या चढत होती आणि ही खुर्चीत बसून होती, तळव्यांना घाम, जिभेवर जड काहीतरी, उठावं की नाही, उठावं की नाही, आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या आणि हिनंही वाजवल्या. स्वतःच्या बक्षिसाला, दुसरीच्या हातात. घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, “काय झालं गं?” ती म्हणाली, “काही नाही, नाही मिळालं.” अप्पा पक्कड घेऊन इस्त्रीची वायर दुरुस्त करत बसले. पण त्या टाळ्यांचा आवाज तिच्या तळहातांत राहूनच गेला. अजूनसुद्धा कुठे टाळ्या वाजल्या की तळवे आधी गार पडायचे.

आत्ताही पडले. तिनं हात ट्रॅकसूटच्या खिशात घातले तर खिशात फोन. अप्पा अजून बाहेरच असतील, दुचाकीवर टेकून, काचेतून काही दिसतंय का बघत. फोन केला की ते आत यायची खटपट करतील, दारावरच्या पहारेकऱ्याला एचची सगळी कर्मकथा सांगतील, त म्हणजे टी, थ म्हणजे टी-एच, आणि विमान उडून जाईल. तिला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून जरा धीर आला. तिनं फोन खिशातच ठेवला. अप्पांनी एकदा भांडून घेतलंय. आता माझी पाळी.

“मॅडम,” ती खाकीतल्या बाईंना म्हणाली, हिंदी जमेल तशी, “मेरा आधार देखो. इसमें एच नही है. ये पास मेरा नही है. लेकिन मैं तो मेरी हूँ ना?” बाईंच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. त्यांनी विमान कंपनीच्या काउंटरवर निरोप धाडला. काउंटरवरची पल्लवी धावतच आली. गळ्यात रुमाल, कपाळावर घाम, मघाशी हिचा पास देताना काय गोड हसली होती. आता तिनं पास पाहिला, आधार पाहिलं, पुन्हा पास पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. “अय्यो देवा. दोन होत्या!”

“दोन काय?”

“दोन स्मृती पाटील, एकाच विमानात. आधी एक मॅडम आल्या, मी नाव टाकलं, पहिलं दिसलं ते दिलं. मग तू आलीस, तर उरलेलं तुला दिलं. म्हणजे त्यांच्याकडे तुझा पास, तुझ्याकडे त्यांचा. आणि त्या आत गेल्यासुद्धा की.”

“त्यांना नाही अडवलं?”

“अगं, एका अक्षराचं चालतं. एच असला काय, नसला काय, कुणी अडवत नाही. तुझ्यावर डॉक्टर लिहिलं होतं म्हणून तू सापडलीस.”

एका अक्षराचं चालतं! स्मृतीला वाटलं, हे अप्पांना कधीच सांगायचं नाही. पण त्याच वेळी तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. म्हणजे आत्ता, या क्षणी, आत कुठल्या तरी खुर्चीत एक बाई तिचं नाव घेऊन बसली आहे. तिची जागा घेऊन, तिच्या खिडकीजवळची जागा, जी अप्पांनी मुद्दाम बघून घेतली होती. पुन्हा दुसरीच कुणीतरी पायऱ्या चढून गेलीय, पुन्हा खोटी नसून गेलीय, आणि ही पुन्हा खाली. फक्त या वेळी टाळ्या वाजायच्या बाकी आहेत.

“अनाउन्स करते,” पल्लवी म्हणाली आणि गेली. थोड्या वेळानं छतातून आवाज आला, आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, मग इंग्रजीत: दिल्लीला जाणाऱ्या प्रवासी स्मृती पाटील यांनी सुरक्षा तपासणीजवळ यावं. आतल्या खुर्च्यांवर कुणी हललं नाही. एका आजीबाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं आणि पुन्हा डबा उघडला. पुन्हा तेच नाव आलं. कुणी नाही. “काय की बाई, ऐकू येत नाही का त्यांना,” पल्लवी परत येऊन हात चोळत म्हणाली. पण ऐकू येत असणार, स्मृतीला कळलं, चांगलं ऐकू येत असणार. तपासणी होऊन आत बसलेल्या माणसाला तपासणीकडे बोलावलं तर त्याला वाटणार, हे आपल्यासाठी नाही, असेल दुसरी कुणी. आपलं नाव ऐकूनही न उठणं किती सोपं असतं, हे तिच्याइतकं इथं कुणाला ठाऊक होतं? पल्लवी म्हणाली, “आत जाऊन एकेकीला विचारते.” पण आत बायकांनी भरलेल्या रांगा, आणि विमानाकडं जायचं दार उघडायची वेळ होत आलेली. खाकीतल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “गेट बंद हो जाएगा, बेटा. आज यही एक फ़्लाइट है.” त्या बेटा म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि तिला खो-खोच्या पाटीची आठवण झाली. चौकोनात उकिडवं बसायचं, एक पाय पुढे, हाताची बोटं जमिनीला टेकलेली, आणि मागून कुणीतरी येईपर्यंत हलायचं नाही. नववीत सुनिता मॅडमनी तिला पहिल्यांदा पाटीवर बसवलं तेव्हा तिला वाटलं होतं, हा तर आपलाच खेळ. बसून राहायचं. मग पाठीवर थाप पडायची, कानाशी खो यायचा, आणि मधमाशांचं पोळं फुटल्यासारखी ती सुटायची. धावणं तिला आपोआप येत होतं. येत नव्हतं ते खो देणं. धावत जाऊन दुसरीच्या पाठीला हात लावायची, पण तोंडातून आवाज निघायचा नाही, नुसती हवा. पंच शिट्टी मारायचे. “खो ऐकू आला नाही, फाऊल.” मॅडमनी तिला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेल्या आणि ओरडल्या, “दे खो! तिथून!” ती म्हणाली, “खो.” मॅडम कानाला हात लावून उभ्या. “स्मृती, मुंगीला दिलास काय गं? माझ्याकडे पोचू दे.” सगळा आठवडा तेच. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. आधी लाज, मग राग, आणि मग एका संध्याकाळी तो आवाज आला, पोटातून, पायांतून, कुठून की, आणि मैदानाच्या पलीकडच्या गुलमोहरावरचे कावळे उडाले. “आला!” मॅडम नाचल्याच. “आता हा गिळू नकोस.” त्यानंतर वर्गातही तिचा हात वर जायला लागला. बसमध्येही ती म्हणायला लागली, “स्मृटी नाही हो अण्णा, स्मृती.” इतकी की आई म्हणायची, “पोरीला जीभ नव्हती तेच बरं होतं.”

तो आवाज आता तिच्या आत हुळहुळायला लागला. पण काय ओरडायचं? नाव? नाव तर छतातून तीन भाषांत ओरडून झालं. डॉक्टर म्हणून ओरडावं तर हुबळीत निम्म्या माना वळतील. काहीतरी असं हवं की ज्याला फक्त तीच बाई उत्तर देईल, विचार न करता, पाठीवर थाप पडल्यासारखं. स्मृतीनं हातातल्या पासकडे पाहिलं. टीमागचा तो एच. आणि तिला एकदम कळलं, की या गावात स्मृती नावाच्या कुठल्याही बाईला जन्मभर कुठला प्रश्न विचारला जातो. बँकेत, शाळेत, मतदान केंद्रावर. तो प्रश्न तिलाही हजारदा विचारला गेला होता, आणि उत्तर देताना तिची मान दर वेळी खाली गेली होती. एचवाल्यांची जात नसेल. एचवाल्या पटकन सांगत असतील.

“मॅडम, एक बार आवाज दूँ? बस एक बार?”

खाकीतल्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ट्रॅकसूटकडे, घोट्यावरच्या पट्टीकडे. “खो-खो हम भी खेले हैं,” त्या म्हणाल्या. “एक बार.”

स्मृती पट्ट्याच्या कडेला, अगदी रेषेजवळ जाऊन उभी राहिली. रेष ओलांडायची नाही, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. तिनं छाती भरून घेतली, आणि हुबळीच्या विमानतळावर असा आवाज उठला की चहाच्या ठेल्यावरच्या माणसाच्या हातातला कप हिंदकळला.

“स्मृती पाटील! विथ एच की विदाउट?”

“विथ एच री!” चौथ्या रांगेतून, पाठमोऱ्या, पुस्तकात डोकं घातलेल्या एका बाई तितक्याच जोरात ओरडल्या, आणि मग आपण कुणाला उत्तर दिलं हे न कळून त्यांनी मान वळवली. सोनेरी काडीचा चष्मा, इलकल साडी, पन्नाशीच्या. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. स्मृतीनं पास उंच धरला. “मग तुमच्या पासवर बघा की!” बाईंनी पर्समधून पास काढला, चष्मा कपाळावर चढवला, पास डोळ्यांशी नेला. “अय्य!” त्या म्हणाल्या. “इदराग एच इल्लल्ल!” यात एच नाहीच की!

हॉल हसला. पँटवाले काका, डबावाल्या आजी, यंत्रापाशी बसलेला माणूस, सगळे. पल्लवी तर तोंडावर रुमाल धरून हसत होती आणि डोळेही पुसत होती. आणि मग कुणीतरी, बहुतेक काकांनीच, टाळी वाजवली. आणखी दोघांनी वाजवली. स्मृतीनं वाट पाहिली, आता तळवे गार पडतील. नाही पडले. गरम होते, चांगले सणसणीत, खेळून आल्यासारखे.

डॉक्टर लगबगीनं आल्या. पट्ट्याच्या अलीकडे एक स्मृती, पलीकडे एक. “झोपेत विचारलं तरी हेच सांगीन बघ,” त्या म्हणाल्या. “येते की मला मराठी, आज्जीचं माहेर बेळगाव. देशपांडे नगरात दवाखाना आहे माझा, लहान मुलांचा. रोज कुणी ना कुणी विचारतंच, विथ एच काय अक्का? पण बिन-एचची मी या गावात पहिल्यांदाच बघतेय!”

“एकच आहे,” स्मृती म्हणाली. मान ताठ ठेवून म्हणाली.

“नाव सांग तुझं, तुझ्या तोंडानं.”

“स्मृती. त म्हणजे टी.” आणि हे अप्पांचंच वाक्य आपल्या तोंडून आलं हे जाणवून तिला इतका आनंद झाला की तिला वाटलं, आत्ता विमानाशिवायच उडता येईल. खाकीतल्या बाईंनी दोन्ही पास हातात घेतले, आधार लावून पाहिलं, डॉक्टरांचं ओळखपत्र लावून पाहिलं, पल्लवीकडून शिक्का मारून घेतला, आणि पास सरळ केले. डॉक्टरचा डॉक्टरला, तिचा तिला. “अब तुम तुम हो,” त्या म्हणाल्या. मग तिची पिशवी पट्ट्यावरून गेली. तिनं हात पसरले. यंत्र अंगावरून फिरलं, आणि तिला वाटलं, बघा, बघा, नीट बघा, ही मीच आहे, वेण्यांपासून चिकटपट्टीपर्यंत.

आत येऊन तिनं अप्पांना फोन लावला. “काय गं, झालं सगळं?” मागे दुचाकीचा आवाज; म्हणजे अजून गेले नव्हतेच. तिनं सांगितलं. पास, डॉक्टर, एच, ओरडणं. मग अप्पांनी विचारलं, “मग एच कुणाचा निघाला?”

“त्यांचा.”

“हं,” अप्पा म्हणाले, आणि त्या एका हं-मध्ये बालवाडीतला तो अर्धा तास, श्यामला टीचर, सगळं जिंकून परत आलं. मग म्हणाले, “आठवीतलं ते बक्षीस मला माहीत होतं गं. त्या पूजारचे वडील भेटले होते नंतर. म्हटलं, तूच कधीतरी ओरडशील.” काचेपलीकडे उन्हात विमान चकाकत होतं. “अप्पा, धपाट्याचा डबा तपासून घेतला त्यांनी,” ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

दार उघडलं. रांग लागली. डॉक्टर तिच्या मागे उभ्या राहिल्या, पुस्तक काखेत, पुढच्या पोरीच्या पाठीवरची अक्षरं वाचत. “खो-खो होय?” त्या म्हणाल्या. “आम्ही पण खेळायचो की, कर्नाटक कॉलेजच्या मैदानावर. माझा खो तालुक्यात ऐकू जायचा.” दाराशी उभ्या असलेल्या माणसानं स्मृतीचा पास घेतला, नाव वाचायला तोंड उघडलं, आणि अडखळला. “स्मृ... टी?”

“स्मृती,” दोघी एकदम म्हणाल्या.

पुढे उन्हाची लांब पट्टी होती आणि तिच्या टोकाला शिडी. आणि मागून, दोन वेण्यांच्या मधोमध, एक तळहात टेकला, अगदी नियमानं, पाठीला स्पर्श आणि आवाज एकाच वेळी.

“खो!” डॉक्टर ओरडल्या.

मागे वळून बघायचं नसतं. दिशा घेतली की घेतली. स्मृती निघाली.